बाकीचं दसऱ्याला

गाडीत बारा सूक्ष्मदर्शक होते, प्रत्येक आपापल्या खणात. दोन चुंबकांच्या पेट्या होत्या, चार अमीटर, एक दुर्बीण, नऊ थर्मामीटर (दहावा मुलांच्या हातून फुटला होता) आणि एक प्लॅस्टिकचा सांगाडा. त्याला मुलं ‘भावजी’ म्हणत. ड्रायव्हरच्या समोर, काचेखाली, मार्लेश्वराचा फोटो होता आणि फोटोपुढं गव्हाच्या दाण्याएवढा तांबडा दिवा. सगळं जागच्या जागी होतं.

“काही गेलेलं नाही,” मी खाली उतरून सप्रेसाहेबांना सांगितलं.

“मग फक्त बॅटरीतलीच वीज जाते म्हणायची,” ते म्हणाले. “भुवड, फिरवा चावी.”

भुवडकाकांनी चावी फिरवली. बॉनेटखालून ‘टक्’ असा एक आवाज आला आणि मग काहीच नाही.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.एस्सी. होऊन मी देवरूखला आले होते. तिथल्या एका मंडळाची फिरती प्रयोगशाळा होती. जुनी डिझेल व्हॅन, आत कपाटं, आणि गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना प्रयोग दाखवायचे. घाणेकर सरांनी ती गाडी उभी केली होती आणि बारा वर्षं चालवली होती. आषाढात त्यांच्या पत्नीचं दुखणं एकाएकी वाढलं आणि त्यांना मिरजेच्या इस्पितळात न्यावं लागलं, म्हणून सरांनी काम माझ्या हाती दिलं. अर्ध्या तासात सगळं समजावलं. किल्ल्यांचा जुडगा देताना म्हणाले, “कपाटाचं दार कधी उघडं ठेवायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. बाकीचं दसऱ्याला येईन तेव्हा सांगतो.”

दसऱ्याला त्यांना येता आलं नाही. मीही तेव्हा कोल्हापूरला घरी होते.

दिवाळीनंतर मंडळाला मिळणारी मदत आटली, म्हणून गाडी आठवड्यातून तीनच दिवस निघायची, सोमवार ते बुधवार. आणि दिवाळीनंतरच ती सोमवारी सुरू होईना. आधी बॅटरी जुनी म्हणून बदलली. नवी बॅटरीही तशीच बसली. सप्रेसाहेब मंडळाचे कार्यवाह. चाळीस वर्षं वकिली केलेले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत त्यांना आधी आरोपी लागायचा.

“एका हिवाळ्यात दोन बॅटऱ्या खाल्ल्या,” ते म्हणाले. “गाडीनं की गाडीवाल्यानं, एवढंच ठरायचंय.”

“सायेब, मी काय केला?” भुवडकाका खाली उतरले. पन्नाशी उलटलेले, अंगानं आडवे, आणि एरवी गप्प बसणं ठाऊक नसलेले. “गेल्या बुधवारपास्नं चावी तुमच्या घरात हाय. मी गाडीला शिवलो पन नाय.”

“दुसरी चावी करून घ्यायला किती वेळ लागतो? वाडीवर नमनाचा खेळ असला की ही गाडी लावून लाउडस्पीकर वाजवतात, असं कानावर आलंय माझ्या.”

“कोनाच्या तोंडून आला? त्याला घेऊन या माझ्याम्होरं!”

“ते राहू दे. आणि तो तुमचा दिवा? दिवसरात्र जळतो तो?”

काकांचा हात आपोआप काचेकडे गेला. “तो देवाचा हाय, सायेब.”

“देवाचा असला तरी वीज मंडळाची.” सप्रेसाहेब माझ्याकडे वळले. “साळोखेबाई, मी कार्यकारिणीला शब्द दिलाय. पुढच्या सोमवारी ही गाडी वेळेवर निघाली नाही, तर आपण ती विकतोय. मंगळवारपासून भाड्याची जीप, तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर. भुवड, तुम्हांला वाईट वाटू देऊ नका, पण मला हे परवडत नाही.”

ते गेले. शेजारच्या वाचनालयातली चार माणसं बोलावून आम्ही गाडी उताराला लावली, ढकलली, आणि ती खोकत खोकत सुरू झाली. साखरप्याच्या शाळेत आम्ही पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. मुलं डबे खाऊन ओळीनं बसली होती. मी कपाट उघडून सूक्ष्मदर्शक बाहेर काढले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं नळीवर हात ठेवला आणि झटकन काढला.

“मॅडम, ह्याला ताप आलाय.”

“गाडी उन्हातनं आली ना,” मी म्हटलं आणि कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला.

त्यांच्या शिक्षकांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. “तुमची भिंगं अशी स्वच्छ राहतात कशी हो? आमच्याकडे दोन सूक्ष्मदर्शक आहेत. एका पावसाळ्यात दोन्हींच्या भिंगांवर बुरशीची जाळी धरली. आता दिसतं ते फक्त धुकं.”

“आमची गाडी फिरती ना गुरुजी, वारा लागतो,” काकांनी माझ्याआधी उत्तर देऊन टाकलं.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. आंबा घाटाकडच्या डोंगरांवर ऊन उतरलं होतं. देवरूख जवळ आल्यावर काका म्हणाले, “मॅडम, तुमी फिजिक्स शिकलाव ना?”

“हो.”

“मग वीज कुठं जाते ता बगता येतो?”

“येतं. गाडी बंद असताना बॅटरीतून किती वीज जाते ते मोजायचं. मग एकेक गोष्ट काढत जायची. जी काढल्यावर आकडा पडेल, ती दोषी.”

त्यांनी मान हलवली. पुढच्या वळणावर हळूच म्हणाले, “आनि जर देवाचा दिवाच निघाला, तर सायबास्नी सांगू नका. मीच काडीन गुपचूप. त्यांच्या हातानं नको.”

आठवड्यात बॅटरी गॅरेजात नेऊन पूर्ण भरून आणली. रविवारी सकाळी सप्रेसाहेबांकडून चावी मागितली. “बघा तुमचं फिजिक्स काय म्हणतं,” असं म्हणून त्यांनी ती दिली, पण देताना क्षणभर मुठीतच धरून ठेवली.

मंडळाच्या अंगणात फणसाच्या सावलीत गाडी उभी होती. बॉनेट उघडलं, दार उघडलं की लागणारा गाडीच्या छतातला दिवा काढून ठेवला, बॅटरीची ऋण बाजूची जाड तार सोडवली आणि तिच्या नि बॅटरीच्या मधे आमच्याच कपाटातला अमीटर बसवला. शाळेतला साधा अमीटर, शून्य ते एक अँपिअर.

“काका, काहीही झालं तरी चावी फिरवायची नाही. अमीटर जळेल.”

“मी हात खिशात घालतो.” आणि त्यांनी खरंच घातले.

काटा उठला आणि एका जागी थांबला. शून्य पूर्णांक चव्वेचाळीस.

“लय हाय का?”

“झोपलेल्या गाडीला लय आहे. बुधवारी संध्याकाळी उभी केली की सोमवारपर्यंत बॅटरीचा अर्ध्याहून जास्त जीव जातो.”

“म्हणजे कोन तरी पितोय.”

“कोण तरी पितंय. तुम्ही काट्याकडे बघा, मी फ्यूज काढते. हलला की ओरडा.”

मी स्टिअरिंगखाली आडवी झाले. पहिला फ्यूज काढला.

“हलला नाय!”

हॉर्नचा, वायपरचा, मागच्या दिव्यांचा. एकेक काढत गेले, एकेक परत लावत गेले. दर वेळी बॉनेटपलीकडून तोच आवाज येई, आणि दर वेळी थोडा खाली जाई. शेवटचा फ्यूज हातात घेऊन मी उठून बसले. समोर मार्लेश्वर होता. त्याच्या दिव्याची तार काकांनी स्वतः फ्यूजच्या आधीच जोडली होती, देवाला अडथळा नको म्हणून.

काका पुढं आले. त्यांना कळलं होतं.

“मी काडतो,” ते म्हणाले. चपला काढल्या, आत बसले, फोटोला हात जोडले, आणि तार सोडवली. मग डोळे मिटूनच म्हणाले, “बगा तुमीच.”

मी काट्याकडे गेले. “काका, बेचाळीस.”

“म्हणजे?”

“चव्वेचाळीसचे बेचाळीस झाले. देव दोनच पितोय. तेवढ्यावर ही गाडी महिनाभर उभी राहिली असती तरी चाललं असतं.”

“देव सुटला!” ते इतक्या मोठ्यानं ओरडले की वाचनालयातून कुणी तरी खिडकीतून डोकावलं. “सांगा आता सप्रेवकिलाला! निर्दोष मुक्तता!”

“देव सुटला, पण तुम्ही नाही सुटलात अजून,” मी म्हटलं. “उरलेले बेचाळीस कुठं जातायत?”

मला काही सुचत नव्हतं. सगळे फ्यूज बघून झाले, देव झाला. मग शंका आली की अमीटरच खोटं बोलत असेल. दुसरा लावून बघावा म्हणून मी गाडीच्या मागं गेले आणि सूक्ष्मदर्शकांचं कपाट उघडलं. अमीटर त्याच्याच खालच्या खणात असत.

“मॅडम, पडला!”

“काय?”

“काटा! शून्यावर गेला! तुमी काय काडलाव?”

मी काहीच काढलं नव्हतं. अमीटर उचलला, सवयीनं दार लावलं आणि धावत पुढं आले. काटा बेचाळीसवर होता.

“थट्टा करताय काका?”

“मार्लेश्वराची आन! आत्ता हितं शून्य व्हता. तुमी येस्तवर परत चढला.”

दुसरा अमीटर लावला. त्यावरही बेचाळीस. पहिला खोटा नव्हता. तो परत ठेवायला मी मागं गेले आणि दार उघडलं.

“पडला!”

मी हालचाल न करता उभी राहिले. मग दार लावलं.

“चढला!”

उघडलं.

“पडला! मॅडम, तुमी करताव तरी काय तिकडं?”

मी उघडत होते, लावत होते, आणि प्रत्येक वेळी बॉनेटकडून उत्तर येत होतं. शेवटी काका स्वतःच मागं आले आणि माझ्याशेजारी उभे राहून त्या कपाटाकडे बघू लागले. बारा सूक्ष्मदर्शक शांत उभे होते. बाजूला भावजी लटकत होते.

“हे भुताचा काम हाय,” ते भावजींकडे बघत म्हणाले.

“हे फ्रिजचं काम आहे. पण उलटं.” मी दाराच्या बिजागरीजवळ बोट फिरवलं. तिथं हरभऱ्याएवढी एक पिन होती. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो, तो असल्याच पिनेमुळे. पाच महिने मी हे दार उघडत होते, पण ती पिन मला बिजागरीचाच भाग वाटली होती. दार उघडं ठेवूनच मी ती बोटानं दाबली.

कपाटाच्या तळाशी, मागच्या बाजूला, भोकं पाडलेला एक पत्रा होता. त्या भोकांतून पिवळा उजेड आला. अगदी मंद, समईएवढा. तो खालून वर चढला आणि बाराही नळ्यांच्या पितळी कडा एकदम दिसल्या. भिंगं चमकली. मी दुसरा हात पत्र्यावर ठेवला. तो कोमट होता.

“दिवा?” काका म्हणाले. “दार बंद केल्यावर लागणारा? बंद कपाटात उजेड कोनाला हवा?”

“उजेड नकोय, काका. ऊब हवीय. आत ऊब असली की ओल धरत नाही, आणि ओल नसली की बुरशी येत नाही.” साखरप्याची ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढं आली. ताप उन्हाचा नव्हता. “पावसाळाभर हा जळत होता. म्हणून आपली भिंगं स्वच्छ राहिली.”

“आनि मी गुरुजींना सांगितला, वारा लागतो म्हनून.”

“पावसाळ्यात गाडी रोज धावायची, तेव्हा इंजिन बॅटरी भरून काढत होतं. कुणाला कळलं नाही. दिवाळीत गाडी उभी राहिली, आणि मग आठवड्यातले चार-चार दिवस उभी राहायला लागली, तिथं बिघडलं. पण हिवाळ्यात तर ह्याची गरजच नाही. सर तो बंद करत असणार. कुठं तरी बटण असेल.”

काकांनी मान वळवून कपाटाच्या आत बघितलं.

“काय झालं?”

“दसऱ्याला,” ते सावकाश म्हणाले, “सर गाडीची पूजा करायचे. मी बॉनेटला हार घालायचा, त्यांनी ह्या कपाटाला. प्रत्येक यंत्रावर झेंडूचा एक फूल. आनि सगळ्यात शेवटी आत वाकून, हात पार मागं, वरच्या कोपऱ्यात घालायचे. मना वाटायचा, तिकडं कुठं देव चिकटवलाय, त्याला कुंकू लावतायत. कधी इचारला नाय. पूजेत मधीच कसा इचारायचा? यंदा सर नाय, तुमी नाय, किल्ली माझ्याकडं. म्हटला, बारा वर्षांचा नेम मोडायला नको. सगळा तसाच केला. फुला ठेवली. शेवटी बोटाला कुंकू घेतला नि हात तिकडं घातला.”

“तेव्हा दिवा दिसला नाही?”

“दार उघडल्याबिगर हात कसा घालनार?”

मी पिन दाबूनच धरली होती. “बघा तुम्ही आत. मी उजेड धरते.”

त्यांनी भावजींना बाजूला केलं, डोकं आत घातलं, आणि त्याच पिवळ्या उजेडात वर मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग मी वाकून बघितलं. पांढऱ्या पत्र्यावर कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. ठसठशीत, जरा घसरलेलं. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, काळं छोटं बटण होतं.

“जरा डावीकडं लावला असता तर...” ते म्हणाले.

“तर भांडण झालंच नसतं.”

“नोकरी माझ्याच बोटानं जात व्हती म्हना की!” ते हसले, पण डोळे पुसत हसले. मग खिशातून रुमाल काढला आणि हात आत घातला.

“काय करताय?”

“पुसतो. सायबांनी बगितला तर म्हनतील...”

“राहू द्या. बटण कुठं आहे ते त्यामुळं कळतं.”

बटण त्यांनीच बंद केलं. मी पिन सोडून परत दाबली. दिवा लागला नाही. दार लावून दोघंही पुढं गेलो. काटा शून्यावर होता, आणि काकांनी देवाची तार जोडली तसा दोनवर येऊन थांबला.

मी तिथूनच सरांना फोन लावला. घाणेकरकाकूंचा आवाज मागून येत होता, कुणाला तरी चहात साखर कमी घाल म्हणून सांगत होत्या. ते ऐकून मी आधी त्यांच्या तब्येतीचंच विचारलं.

“बरी आहे आता. रागावते, म्हणजे बरीच आहे,” सर म्हणाले. “तुम्ही बोला.”

मी सांगितलं.

“अरेच्चा! चालूच राहिला तो?” ते कळवळले. “हजार गोष्टी डोक्यात होत्या. दसऱ्याला येईन म्हटलं, आणि दसऱ्याच्या दिवशी हिचं ऑपरेशन. पार विसरलो. तार स्टार्टरच्या बोल्टवरून खालून नेलीय मी, फ्यूजच्या डब्यात ती सापडायचीच नाही. भुवडांना फार बोललं का कुणी?”

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. “सर, मना का नाय सांगितलाव कधी? बारा वर्षं!”

सरांचं हसणं मलाही ऐकू आलं. “तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही तासातासाला दार उघडून बघितलं असतं, पेटलाय का म्हणून. आणि दार उघडलं की तो विझतो.”

“ता बी खरा हाय,” काका म्हणाले आणि फोन मला परत दिला.

“भिंगं कशी आहेत?” सरांनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

“बाराच्या बारा स्वच्छ, सर. एकावरही बुरशी नाही. मी पाच महिने मुलांना त्यांतून पेशी दाखवतेय, आणि मला माहीतच नव्हतं तुम्ही मागं काय ठेवून गेलात.”

सर मग म्हणाले, “एक करा. मृगाला बटण चालू कराल ना, तेव्हा बघा आत नेमकी किती ऊब धरते. मी कधी मोजलीच नाही. थर्मामीटर नेहमी मुलांच्या हातात.”

सोमवारी सकाळी सप्रेसाहेब काठी टेकत अंगणात आले. काकांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि गाडीला हार घातला होता. चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, आणि फणसावरचे कावळे उडाले.

मी साहेबांना कपाट दाखवलं, पिन दाबता दाबता सगळं सांगितलं. ते वाकून बघत राहिले. बटण दाखवलं तेव्हा कुंकवाचं बोटही त्यांनी बघितलं.

“म्हणजे दोष कुणाचा?” त्यांनी सवयीनं विचारलं.

“कुणाचाच नाही, साहेब. दिवा आपलं काम करत होता.”

“वकिली करताना असा निकाल मला एकदाही मिळाला नाही,” ते म्हणाले. मग पुढं जाऊन काकांच्या खिडकीशी थांबले. “भुवड, जीपवाल्याला मी नको म्हणून कळवतो. चावी आता तुमच्याकडेच राहू दे. आणि वाडीवर नमन असेल तेव्हा मला बोलवा. लाउडस्पीकर खरंच किती मोठा आहे, ते ऐकायचंय मला.”

“सायेब, लाउडस्पीकर नाय हो!”

“मग मृदंग ऐकतो.”

काकांनी मार्लेश्वराच्या फोटोला बोटं लावली, मग तीच बोटं कपाळाला लावली, आणि गिअर टाकला.

मी तिथं शाळेच्या एका वर्षासाठी आले होते. जून आला तेव्हाही तिथंच होते. मृगाच्या दिवशी काकांनी कपाट उघडलं, भावजींना बाजूला केलं, हात मागच्या कोपऱ्यात घातला आणि न बघता कुंकवाच्या बोटावरून डावीकडं सरकवला. बटणाचा आवाज झाला. मी नऊ थर्मामीटरांतले दोन निवडले, आदल्या रात्री ते एकाच पाण्यात ठेवून दोन्ही सारखंच दाखवतात हे बघून ठेवलं होतं. एक सूक्ष्मदर्शकांच्या मधे उभा केला, दुसरा बाहेर सीटवर ठेवला. काकांनी दार लावलं.

“सरांना फोन करून ठेवा,” ते म्हणाले. “उद्या सकाळी मी सांगनार आकडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळीकडे ओल होती, पत्र्यावरसुद्धा. फोन लागला. काकांनी आधी सीटवरचा थर्मामीटर डोळ्यांपुढं धरला, मग दार उघडून लगेच आतला उचलला. दोन्ही मला दाखवले, मी मान हलवली, आणि ते फोनमध्ये म्हणाले, “सर, ऐका. भायेर सव्वीस. आत तीस.”